सुलतानाच्या स्वप्नातल्या मत्सरी प्राचार्यबाई

काही पुस्तकं वर्षातून एकदा तरी कपाटातून काढावीशी वाटतात. माझ्यासाठी तसं एक पुस्तक म्हणजे बेगम रुकय्या सखावत हुसेन यांचं 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न. पुस्तक आपलं म्हणायला. खरं तर एका बैठकीत संपणारी लांब गोष्ट आहे. १९०५ साली मद्रासहून निघणाऱ्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती इंग्रजीत छापून आली आणि १९०८ मध्ये कोलकात्यात पुस्तकरूपाने निघाली. बी.एड.च्या वर्षी मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुरुषांना घरात कोंडून ठेवलंय याचीच मजा वाटली होती. आता वर्गात वीस वर्षं काढल्यावर वाचते तेव्हा नजर दुसरीकडेच जाते. ती जाते त्यातल्या दोन विद्यापीठांच्या प्राचार्यबाईंकडे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुलताना आपल्या खोलीत आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करत असते. डोळा लागला की नाही हे तिचं तिलाही नक्की सांगता येत नाही. समोर सिस्टर सारा येऊन उभी राहते आणि तिला फिरायला नेते. बाहेर लख्ख दिवस, आणि रस्त्यावर सगळ्या बायकाच. सुलताना बिचारी पर्द्यातली, तिला उघड्यावर चालायची लाज वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला हसतात आणि म्हणतात, ही तर अगदी पुरुषी दिसते. पुरुषी म्हणजे पुरुषांसारखी लाजरीबुजरी! कारण या देशात पुरुष मर्दान्यात असतात, स्वयंपाक करतात, मुलं सांभाळतात. बायका कारभार बघतात आणि दोन तासांत कचेरीचं काम उरकतात. पुरुषांना तेच काम दिवसभर का पुरायचं, याचा हिशेबही सारा देते. एक चिरूट ओढायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरातच गेले. आमच्याकडच्या काही कार्यालयांत चिरूटाच्या जागी मोबाइल आला, एवढाच काय तो फरक.

पण हे सगळं झालं कसं? इथे गोष्ट खरी सुरू होते. या देशाच्या राणीला विज्ञानाची आवड. तिने मुलींसाठी शाळा काढल्या, एकवीस वर्षांच्या आत लग्न करायला बंदी घातली, आणि मुलींसाठी दोन स्वतंत्र विद्यापीठं उभी केली. त्यातल्या एका विद्यापीठाच्या प्राचार्यबाईंनी एक मोठा फुगा तयार केला, त्याला नळ्या जोडल्या आणि तो ढगांच्या वर सोडून आकाशातलं पाणी हवं तेव्हा ओढून घ्यायची सोय केली. पाऊस, वादळ, चिखल, सगळं हातात आलं. हे दुसऱ्या विद्यापीठाला कळलं. आणि त्यांना भयंकर मत्सर वाटला. रुकय्यांनी हे लपवलेलं नाही, अगदी सरळ लिहिलंय. दुसऱ्या विद्यापीठाच्या बायका जळल्या, आणि त्याहून अचाट काहीतरी करायचं म्हणून कामाला लागल्या. त्यांनी सूर्याची उष्णता साठवून ठेवायचं आणि पाहिजे तिथे पाहिजे तेवढी सोडायचं यंत्र बनवलं. पुरुष त्या काळात लष्कर वाढवण्यात गुंतले होते. त्यांनी ऐकलं आणि हे सगळं हळव्या बायकांचं दुःस्वप्न म्हणून हसण्यावारी नेलं. प्राचार्यबाईंना उलट उत्तर द्यायची फार इच्छा होती. राणीने थांबवलं. बोलून नको, संधी आली की करून दाखवा, म्हणाली.

संधी आली. शेजारच्या देशातून काही राजकीय गुन्हेगार पळून आश्रयाला आले. तिथल्या राजाने त्यांना परत मागितलं, राणीने नकार दिला, युद्ध पेटलं. पुरुष शौर्याने लढले पण हरत गेले. सोळा वर्षांची पोरंही रणांगणावर पाठवावी लागली. शेवटी राणीने शहाण्या बायकांची सभा बोलावली. कोणी काही सुचवलं, कोणी काही. सूर्याची उष्णता साठवणाऱ्या प्राचार्यबाई बराच वेळ गप्प बसून विचार करत होत्या. मग म्हणाल्या, आशा थोडीच आहे. एक उपाय करून बघते, तो पहिला आणि शेवटचा. फसला तर मरणाशिवाय काही उरत नाही. पण बायका बाहेर पडायच्या तर पर्दा आला, म्हणून आधी पुरुषांनी घरात जावं अशी अट त्यांनी घातली. थकले-भागलेले पुरुष एक शब्द न बोलता आत गेले. मग बाई आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन निघाल्या, सूर्याचे किरण शत्रूवर सोडले, फौज होरपळून पळाली, टाकून दिलेली शस्त्रं त्याच उष्णतेने जाळून टाकली. पुरुष मात्र पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

आता या बाईंकडे नीट बघा. शेजारच्या विद्यापीठाचा मत्सर करतात. कोणी हसलं तर चिडतात. खात्री नसताना प्रयोग करतात आणि तसं भर सभेत सांगतात. पर्द्याचं कारण पुढे करून निम्म्या देशाला कोंडतात, आणि काम झाल्यावर दार उघडायचं त्यांच्याही मनात येत नाही. ज्या यंत्रावर बायकांचा बिनधुराचा स्वयंपाक होतो, त्याच यंत्राने फौजही भाजता येते हे त्यांना माहीत आहे. यातलं काही देवीला शोभणारं नाही. आणि तरी त्या शास्त्रज्ञ आहेत, हाडाच्या. मला वाटतं रुकय्यांचं सगळ्यात मोठं धाडस इथे आहे. पुरुषांना कोंडणं हा विनोद आहे, तो कोणालाही सुचला असता. मत्सरी, हट्टी, जिज्ञासू बाई प्रयोगशाळेत बसवणं आणि तिला तिच्या दोषांसकट तिथेच राहू देणं, हे १९०५ साली कोणाला सुचलं असतं?

उर्दू वाचणाऱ्यांना इथे दास्तानांची आठवण होईल. १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड निघू लागले. त्यात महरुख आहे, बहार आहे. एकेक जादूगारीण अशी की फौजेच्या फौजा उधळून लावील. त्याही रागावतात, जळतात, पक्ष बदलतात. दास्तानगोंना सामर्थ्यवान बाईचं वावडं नव्हतं. फक्त तिचं सामर्थ्य मंत्रात होतं, आणि मंत्र शिकवता येत नाही. तो मिळतो किंवा मिळत नाही. रुकय्यांनी मंत्राच्या जागी नळी, फुगा आणि विद्यापीठ आणलं. जे विद्यापीठात शिकता येतं ते कुठल्याही मुलीला शिकता येतं. बदल लहान दिसतो, पण त्याने सगळंच बदलतं.

रुकय्या स्वतः कुठल्याही विद्यापीठात गेल्या नव्हत्या. १८८० साली रंगपूरजवळच्या पायराबंदच्या जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुलींना अरबी-उर्दूपुरती तालीम; बंगाली आणि इंग्रजी मुलींनी शिकायची नाही. थोरले भाऊ इब्राहिम साबेर रात्री घर झोपलं की मेणबत्ती लावून बहिणीला शिकवायचे. पुढे निकाह झाला तो भागलपूरच्या सखावत हुसेन यांच्याशी. वयाने बरेच मोठे, आधीची बायको वारलेली, नोकरीने डेप्युटी मॅजिस्ट्रेट, आणि बायकोने लिहावं अशी मनापासून इच्छा असलेले. ते दौऱ्यावर असताना रिकाम्या वेळात रुकय्यांनी ही गोष्ट लिहिली. परत आल्यावर त्यांनी उभ्याउभ्याच ती वाचून काढली आणि म्हणाले, हा तर भयंकर सूड आहे! मग इंग्रजी तपासायला एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवली. त्याने भाषेत काही न बदलता परत केली आणि लिहिलं की पुढे माणसं हवेतून कशी फिरतील याचं हे भाकीत तर नाही ना? गोष्टीत हायड्रोजनच्या गोळ्यांवर आणि विजेवर चालणारी हवाई गाडी आहे, म्हणून तो प्रश्न. पंचवीस वर्षांनी रुकय्या खरोखर विमानात बसल्या आणि हवेतल्या पन्नास मैलांवर एक लेख लिहून मोकळ्या झाल्या.

त्या सुडात एक खास घरगुती चिमटा आहे, तो चटकन लक्षात येत नाही. युद्ध संपल्यावर मर्दान्यातून पोलीस कमिशनर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट राणीला अर्ज करतात: लष्करवाले हरले, त्यांना कोंडणं बरोबर आहे, पण आम्ही कामात कसूर केली नाही, आम्हाला आमच्या जागा परत द्या. राणी परिपत्रक काढते की गरज पडली तर बोलावू, तोवर आहात तिथेच राहा. हे वाक्य एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या बायकोने लिहिलं आणि त्याच डेप्युटी मॅजिस्ट्रेटने उभ्याउभ्या वाचलं. त्या घरात त्या संध्याकाळी किती हसले असतील!

सखावत हुसेन १९०९ मध्ये गेले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. त्यातून त्याच वर्षी भागलपूरला पाच मुलींची शाळा निघाली. घरच्या वादांमुळे तिथे टिकता आलं नाही म्हणून १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुलींना घेऊन पुन्हा सुरू झाली. सखावत मेमोरियल. ती शाळा आजही चालू आहे. आणि माझ्यासारखीला सुखावणारी गोष्ट अशी की सुरुवातीला तिथे शिकवण्याचं माध्यम उर्दू होतं, कारण येणाऱ्या मुली उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या होत्या.

स्वप्नात पुरुषांना कोंडणाऱ्या या बाईंना शाळा चालवताना मात्र रोज तडजोड करावी लागली. मुलींना आणणारी गाडी चहूबाजूंनी इतकी बंद होती की पोरी आत घामाघूम होऊन भोवळ येऊन पडायच्या. जाळीवर पडदे लावले तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रं आली. हे त्यांनीच १९३१ च्या 'अवरोधवासिनी'त लिहून ठेवलंय. आपल्यातले काही जण त्यांना दीनविरोधी ठरवतात आणि बाहेरचे काही जण त्यांच्या नावाची काठी करून आपल्याला मारतात. दोघांनीही त्यांचा 'बोरका' हा निबंध वाचलेला नसतो. बुरखा वापरायला त्यांची हरकत नव्हती. माणसाला कैदेत टाकायला होती, आणि तो फरक त्यांनी आयुष्यभर सांगितला. त्यांच्यातही विसंगती होत्या, माघारही घेतली. १९३२ साली त्या गेल्या तेव्हा शाळा चालू होती, हे मला पुरेसं वाटतं.

आपल्या मराठीत असं कोणी होतं का? होतं. काशीबाई कानिटकर. जन्म १८६१, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. १९२८ मध्ये त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर काय काय करता येईल याची ती कल्पना आहे. सुलतानाच्या स्वप्नाशेजारी ठेवून ती वाचायला हवी, पण आमच्या अभ्यासक्रमात दोन्ही कुठे शेजारी येत नाहीत. याच काशीबाईंनी त्याआधी, १८८९ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं होतं. कल्याणची ही मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, क्षयाने गेली. तिला दवाखाना चालवायला मिळाला नाही, म्हणजे चुकायलाही मिळालं नाही. आपण तिची देवी करून टाकली. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत ती नेहमी शांत दिसते, कोणावर चिडल्यासारखी कधी दिसत नाही.

आणि ज्यांना चुकायची परवानगी अधिकृतपणे नाकारली गेली त्या म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या सोहोनी. दुर्गा भागवतांच्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी मुलगी म्हणून नाकारलं. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष चाचणीचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. सोबतच्या मुलांवर यातली एकही अट नव्हती. मुलगा आळशी निघाला तर तो एकटा आळशी. कमला आळशी निघाली असती तर मागून येणाऱ्या सगळ्या मुलींचं दार बंद झालं असतं. त्या टिकल्या, पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर पीएच.डी. मिळवली, परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. म्हातारपणी त्यांनी बोलून दाखवलं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते खरे, पण तो अपमान विसरता आला नाही. मला हे वाक्य त्यांच्या पदव्यांइतकंच मोलाचं वाटतं. राग धरून ठेवणारी शास्त्रज्ञ. प्राचार्यबाईंची सख्खी बहीण.

आता आपल्या नांदेड-लातूरकडे येऊ. कमलाबाई बंगळूरला भांडत होत्या तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथे रसायन-भौतिकसुद्धा उर्दूत शिकवलं जायचं, आणि पुस्तकं उर्दूत आणायला दारुल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं होतं. मराठी बोलणाऱ्या मुलांवर त्या उर्दूचं ओझं पडलं हे खरं आहे आणि ते नाकारून चालत नाही. पण हिंदुस्थानी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येतं हेही तिथेच सिद्ध झालं. मुलींसाठी हैदराबादेत १९२४ पासून महिला कॉलेज होतं. नांदेडच्या मुलीसाठी मात्र हैदराबाद जवळजवळ सुलतानाच्या स्वप्नाइतकंच दूर. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं, तेही औरंगाबादला. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आलं १९९४ मध्ये. राणीने दोन विद्यापीठं किती झपाट्याने काढली बघा.

त्या जुन्या उर्दू विज्ञानाचे शब्द अजून आमच्या वर्गात जिवंत आहेत. उर्दू माध्यमाची मुलगी बालभारतीच्या पुस्तकात 'ज़ियाई तालीफ़' शिकते, शेजारची मराठी शाळेतली मैत्रीण त्यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणते, आणि दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की दोघींनाही फोटोसिंथेसिस म्हणावं लागतं. रेणूचं नाव 'सालमा', आणि वर्गात एक सलमा असतेच, मग हशा. दोन भाषांतून तिसरीत उडी मारताना काही मुली गळतात. गळतात म्हणजे नापास होतात असं नाही. घरात सांगितलं जातं की सायन्स झेपणार असेल, नव्वदच्या वर टक्के पडणार असतील तरच घे. नाहीतर आर्ट्स, नाहीतर बस झालं. भावाला पंचावन्न टक्क्यांवर सायन्स मिळतं. कमला भागवतांची चाचणी अशी घराघरात चालू आहे, फक्त अट लिहून दिलेली नसते.

माझं माहेर लातूरचं. तिथला 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजलेला. खेड्यापाड्यांतली पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, मुलीही झाल्या, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण सुलतानाच्या गोष्टीत दोन विद्यापीठं आहेत, यंत्रं आहेत, भांडणं आहेत, आणि परीक्षा एकही नाही. हे मला अलीकडच्या वाचनात दिसलं. शेजारणीने काय शोधलं म्हणून झोप उडते, तिला किती मार्क पडले म्हणून नव्हे.

मागच्या वर्षी एका ऑफ तासाला नववीच्या मुलींना मी ही गोष्ट उर्दूत सांगितली. पुरुष कोंडले गेले तिथे अपेक्षेप्रमाणे टाळ्या. पण ढगातून पाणी ओढायच्या जागी शेवटच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, फिर बाजूवाले मुल्क में बारिश कैसी पडेंगी?" मी पुस्तक मिटलं. बारा-पंधरा वेळा वाचूनही हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता, आणि रुकय्यांच्या गोष्टीत तो कोणी विचारतही नाही. नांदेडच्या मुलीला तो सुचणारच. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यावरून आंध्राशी किती वर्षं वाद चालला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. आमच्या डोळ्यांसमोर गोदावरीचं पाणी खाली जातं. आणि वरच्या बाजूला नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडा म्हणून आम्हीच ओरडतो. लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याआधीच्या पावसाळ्यात औरंगाबादहून विमानं उडवून ढगांवर रसायनं फवारली होती, पाऊस पाडायला. प्राचार्यबाईंचा फुगा म्हणजे आमच्यासाठी परीकथा राहिलेली नाही.

मग तासाची घंटा होईपर्यंत आम्ही एकच काम केलं. प्रत्येकीने प्राचार्यबाईंना विचारायचा एक प्रश्न कागदावर लिहायचा. कोणी विचारलं, शेजारच्या देशाने युद्ध खरं तर पाण्यासाठीच केलं नसेल कशावरून? कोणी, तुमच्या विद्यापीठात होस्टेल आहे का आणि रात्री लॅबमध्ये थांबू देतात का? एकीला हवं होतं की दोन्ही बाई नंतर एकमेकींशी बोलल्या का. आणि सलमाने, नेहमी गणितात अडकणाऱ्या सलमाने, उर्दूत एकच ओळ लिहिली होती, की तुमचे पहिले किती फुगे फुटले?